नदीतलं मायक्रोप्लास्टिक नक्की कुठून येतं? एका विसर्गाच्या वरच्या आणि खालच्या पाण्याची तपासणी

प्रश्न साधा वाटतो. मध्यम आकाराची नदी आहे, काठावर सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, त्याचं प्रक्रिया झालेलं पाणी एका पाइपातून नदीत पडतं. या विसर्गामुळे नदीतलं मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे पाच मिमीपेक्षा लहान कण) वाढतं का, आणि किती? पुढचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी मांडले आहेत, कुठल्या विशिष्ट नदीचे नाहीत. पण त्यांत ज्या चुका आल्या आहेत, त्या या कामात नेहमी होतात.

पहिल्या मोजणीचं उत्तर असं होतं: विसर्गाच्या वर घनमीटरमागे १.६२ कण, खाली ३.१५. म्हणजे जवळपास दुप्पट. अहवाल लिहून मोकळं होता आलं असतं. पण खालच्या तीन नमुन्यांपैकी एकाचा आकडा इतर दोघांच्या जेमतेम निम्मा होता, आणि कोऱ्या नमुन्यांतही (नदीच्या पाण्याऐवजी गाळलेलं पाणी घेऊन केलेल्या) निळे तंतू दिसत होते. या दोन गोष्टी नीट पाहायला घेतल्यावर उत्तर बदलत गेलं.

जागा

‘अ’ ही जागा विसर्गाच्या ५०० मीटर वर. ‘ब’ खाली, पण किती खाली? विसर्गाचं पाणी नदीत पडलं की लगेच मिसळत नाही, बराच काळ एका काठाला धरून वाहतं. त्या पट्ट्यात जाळं टाकलं तर आकडा फुगतो, पट्ट्याबाहेर टाकलं तर विसर्ग निर्दोष ठरतो. मिसळण कुठे पूर्ण होते ते विद्युतवाहकतेवरून सहज कळतं. नदीच्या रुंदीत पाच ठिकाणी मीटर बुडवायचा, पाचही वाचनं दोन-तीन टक्क्यांत जुळली की तिथे पाणी मिसळलेलं आहे. इथे ती जागा विसर्गापासून दीड किलोमीटरवर मिळाली.

याच वाचनांतून विसर्गाचा वाटाही निघतो. ‘अ’पाशी वाहकता ३००, विसर्गाच्या पाण्याची ९००, ‘ब’पाशी ३६० मायक्रोसीमेन्स प्रति सेमी. नऊ वाटे ३०० आणि एक वाटा ९०० मिळून ३६० होतात. म्हणजे ‘ब’च्या पाण्यात दहा टक्के पाणी विसर्गाचं. हा आकडा जपून ठेवायचा, शेवटी त्याच्यावरच सगळं उभं राहतं.

दीड किलोमीटर खाली जाण्याची एक किंमत आहे. मधल्या अंतरात जे काही नदीत येतं, ते सगळं विसर्गाच्या खात्यावर जमा होतं. विसर्गानंतर १.१ किलोमीटरवर पावसाळी पाण्याचा एक नाला नदीला मिळतो. कोरड्या दिवसांत त्यात नावापुरतं पाणी असतं, म्हणून जागा ठरवताना तो सोडून दिला गेला.

जाळं आणि त्यातून गेलेलं पाणी

पृष्ठभागावरच्या नमुन्यासाठी मँटा जाळं, म्हणजे पाण्यावर तरंगत राहणारं रुंद तोंडाचं जाळं, भोकं ३३० मायक्रोमीटरची. तोंड ६० सेमी रुंद, त्यातलं १२ सेमी पाण्याखाली राहील असं बांधलेलं. पाण्याखालचं क्षेत्रफळ ०.०७२ चौ. मीटर. होडी नांगरून जाळं प्रवाहात २० मिनिटं धरायचं, होडीच्या बाजूला आणि पुढच्या अंगाला, म्हणजे तळाच्या रंगाचे पापुद्रे त्यात येणार नाहीत. प्रत्येक जागी तीन वेळा. आधी ‘अ’, मग ‘ब’: स्वच्छ जागा नेहमी पहिली.

तोंडात फ्लोमीटर, म्हणजे आत गेलेलं पाणी मोजणारं यंत्र. नेहमीच्या यांत्रिक फ्लोमीटरचा स्थिरांक २६,८७३ असतो. सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन यांतला फरक या स्थिरांकाने गुणून ९,९९,९९९ ने भागला की मीटरमध्ये अंतर मिळतं. म्हणजे काट्याच्या प्रत्येक आकड्यामागे साधारण २.६९ सेमी. ‘अ’च्या पहिल्या खेपेत फरक २२,३२७ आला: ६०० मीटर, गुणिले ०.०७२, म्हणजे ४३.२ घनमीटर.

पहिल्या हिशेबात चूक इथेच झाली. सहाही खेपांना हेच ४३.२ घनमीटर लावलं गेलं, कारण वेळ सारखी आणि प्रवाहही सारखाच दिसत होता. ‘ब’च्या तिसऱ्या खेपेची नोंदवही उघडली तर फ्लोमीटरचा फरक फक्त ९,३०० होता. म्हणजे २५० मीटर, १८ घनमीटर. शेवाळाच्या तुकड्यांनी आणि फेसाने भोकं बुजली, पाणी जाळ्यातून जाण्याऐवजी तोंडाशीच वळून बाजूने निघून गेलं. कण कमी नव्हते, जाळ्यात गेलेलं पाणी कमी होतं. त्या खेपेतले ५७ तुकडे ४३.२ ने भागले तर १.३२ येतात, अगदी ‘अ’सारखे. १८ ने भागले तर ३.१७, बाकी दोन खेपांच्या रांगेत.

तुंबलेलं जाळं ओळखायला दुसरा फ्लोमीटर तोंडाबाहेर लावावा. आतलं वाचन बाहेरच्याच्या ८५ टक्क्यांखाली गेलं की जाळं तुंबलं, असं प्लवकांच्या जाळ्यांवर काम करणारे फार पूर्वीपासून धरतात. पाणी गढूळ किंवा शेवाळी असेल तर वीस मिनिटांची एक खेप करण्यापेक्षा पाच-पाच मिनिटांच्या चार कराव्यात आणि त्यांचा ऐवज एकत्र करावा. श्रम वाढतात, पण आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

जाळं धुताना पाणी बाहेरून मारायचं. आतून मारलं तर धुण्याच्या पाण्यातले कण नमुन्यात जमा होतात. बाहेरून मारलेलं पाणी जाळ्यातून गाळूनच आत जातं आणि चिकटलेला ऐवज टोकाच्या डब्यात उतरतो. डबा स्टीलचा, बरणी काचेची, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी. जाळ्याचा, दोरीचा आणि होडीच्या रंगाचा एकेक तुकडा कापून वेगळा ठेवावा. पुढे वर्णपटात (पदार्थ कुठला प्रकाश किती शोषतो त्याच्या आलेखात) नायलॉन दिसलं तर ते नदीचं की जाळ्याचं, हे त्याशिवाय कळणार नाही.

प्रयोगशाळेत

पाच मिमी आणि ०.३ मिमीच्या स्टीलच्या चाळण्या एकावर एक ठेवून नमुना ओला चाळायचा. पाच मिमी ही मायक्रोप्लास्टिकची वरची सीमा २००८ साली अमेरिकेच्या नोआ या महासागर आणि हवामानाच्या सरकारी संस्थेच्या कार्यशाळेत पुढे आली आणि तीच रूढ झाली. वरच्या चाळणीतल्या काड्या-पानं टाकण्याआधी नीट धुऊन घ्यावी, त्यांच्या मागच्या बाजूला बरंच काही चिकटलेलं असतं.

खालच्या चाळणीतला ऐवज बीकरमध्ये घेऊन सेंद्रिय पदार्थ जाळायचा. नोआने २०१५ साली छापलेली कृती बहुतेक ठिकाणी वापरतात: ७.५ ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट ५०० मिली पाण्यात, त्यात ३ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. या द्रावणाचे २० मिली नमुन्यात घालायचे, मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे २० मिली, पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि ७५ °से.वर गरम करायचं. पहिल्या भागाशी आमचं भांडण नाही. गरम करण्याच्या भागात मात्र काळजी हवी. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की उष्णता आपोआप निघते, शेवाळ भरपूर असेल तर मिनिटाभरात उकळी फुटते आणि फेस काठावरून वाहून जातो. त्याबरोबर कणही जातात. शिवाय ७० अंशांच्या पुढे सौंदर्यप्रसाधनांतले मेणासारखे पॉलिथिलीनचे मणी वितळतात. म्हणून बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवावं, पेरॉक्साइड पाच-पाच मिलीने घालावं आणि तापमान ५० अंशांखाली राखावं. पचन पुरं झालं नाही तर पुन्हा वीस मिली. एका दिवसाऐवजी दोन दिवस लागतात, ते लागू द्यावेत. डोळ्यांवर चष्मा आणि काम धूरकपाटातच.

बीकरमध्ये नारिंगी गाळ दिसला तर समजावं की आम्लता उतरली आहे. ही प्रक्रिया पीएच ३ च्या आसपास नीट चालते. त्यापेक्षा बराच वर गेला की लोह हायड्रॉक्साइड होऊन बसतं आणि कणांवर चिकट लेप चढतो. असा लेप चढलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली माती वाटतो, वर्णपटही बिघडतो. विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकून पीएच खाली आणला की गाळ विरघळतो.

एक गोष्ट पेरॉक्साइडने होत नाही: सेल्युलोज जात नाही. सुती धागे, कागदाचे तंतू, वनस्पतींचे रेषे बहुतांशी तसेच राहतात. सेल्युलेझ हे सेल्युलोज तोडणारं वितंचक (एन्झाइम) वापरलं तर तेही कमी होतात. या नमुन्यांत ते वापरलं नव्हतं, आणि त्याचा त्रास पुढे दिसतो.

घनतेवर वेगळं करण्याची पायरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथली चूक निकालात कुठेच दिसत नाही. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता १.२. त्यावर पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिस्टायरीन, नायलॉन तरंगतात. पीईटीची घनता १.३७ च्या पुढे, पीव्हीसीची बहुधा त्याच्या आसपास. दोन्ही तळाला जातात. आणि सांडपाण्यात धुलाईतून येणारे पॉलिएस्टरचे तंतू म्हणजे पीईटीच. विसर्गाची तपासणी नुसत्या मिठाच्या पाण्यावर करणं म्हणजे जे शोधायचं तेच तळाशी सोडून देणं. इथे मिठानंतर तळाचा गाळ झिंक क्लोराइडच्या १.६ घनतेच्या द्रावणात पुन्हा ढवळला. ‘ब’मध्ये शेवटी जे ३६ पॉलिएस्टर तंतू निश्चित झाले, त्यांतले २७ या दुसऱ्या फेरीत वर आले.

द्रावणाची घनता ताडण्यासाठी १० मिली पिपेटने घेऊन वजन करावं, १६ ग्रॅम भरलं पाहिजे. झिंक क्लोराइड पाण्यात घालताना भांडं चांगलंच तापतं. द्रावण पातळ झालं की पांढरा साका येतो, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या काही थेंबांनी तो विरतो. ते जलचरांना घातक आहे, म्हणून गाळून पुन्हा वापरायचं, मोरीत ओतायचं नाही. झिंक टाळून सोडियम आयोडाइड घेणाऱ्यांनी आधी पेरॉक्साइड पूर्ण धुऊन काढावं. थोडंही राहिलं तर आयोडीन सुटतं, द्रावण तपकिरी होतं आणि सेल्युलोजचे फिल्टर काळे पडतात.

मीठ असो वा झिंक, द्रावण वापरण्याआधी ०.७ मायक्रोमीटरच्या काचतंतू फिल्टरमधून गाळलंच पाहिजे. पुडीतल्या मिठातही कण असतात. नरसाळ्यात रात्रभर स्थिर ठेवून, वरचा भाग काढून, नरसाळ्याच्या भिंती तीनदा धुवायच्या. हरवलेले कण बहुतेक वेळा त्या भिंतींवरच सापडतात.

ही सगळी वाट कितपत गळकी आहे ते तपासायला एका नमुन्यात २० लाल पॉलिथिलीन कण आणि २० हिरवे पॉलिएस्टर तंतू मुद्दाम टाकले. शेवटी १८ कण आणि १४ तंतू हाती आले: ९० आणि ७० टक्के. हे प्रमाण अहवालात द्यावं, पण त्याने मूळ आकडे फुगवू नयेत. मुद्दाम टाकलेला स्वच्छ तंतू आणि नदीत मुरलेला, जीवाणूंचा थर चढलेला तंतू सारखे वागत नाहीत.

कोरे नमुने आणि निळे तंतू

तीन कोरे नमुने केले होते: गाळलेलं पाणी धुतलेल्या जाळ्यावरून सोडायचं, डब्यात घ्यायचं आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांमधून न्यायचं. त्यांत ७, ५ आणि ९ तंतू निघाले. तुकडे ०, १, ०.

तंतूंची सरासरी ७, प्रमाण विचलन २. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की शोधमर्यादा: १३. दहापट मिळवली की मापनमर्यादा: २७. नमुन्यात १३ पेक्षा कमी तंतू असतील तर ते हवेतले की नदीतले सांगता येत नाही. १३ आणि २७ यांच्या मध्ये असतील तर ‘आहेत’ म्हणता येतं, ‘किती’ म्हणता येत नाही. ‘अ’च्या खेपांत १८, ११ आणि १६ तंतू होते, ‘ब’च्या खेपांत ३९, ३३ आणि ३०. म्हणजे ‘अ’चा एक नमुना शोधमर्यादेच्याही खाली, बाकी दोन अधांतरी. तीनच कोऱ्या नमुन्यांवरून काढलेलं विचलन कच्चं असतं. सात ते दहा असावेत, आणि वेळ कमी असेल तर नदीचे नमुने कमी करावेत, कोरे करू नयेत.

इथे एक चूक वारंवार दिसते: कोऱ्या नमुन्याचे तंतू घनमीटरने भागून मग वजा केले जातात. प्रदूषण हातातून, कपड्यांतून, हवेतून येतं, जाळ्यातून किती पाणी गेलं याच्याशी त्याचा संबंध नाही. आधी मोजणीतून मोजणी वजा करायची, मग घनफळाने भागायचं.

कोऱ्या नमुन्यांतल्या २१ तंतूंपैकी १७ निळे होते, सूक्ष्मदर्शकाखाली चपटे, पीळ घेतलेल्या फितीसारखे. ही कापसाची खूण आहे. कारखान्यात ओढलेला पॉलिएस्टर तंतू टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो. वर्णपट घेतल्यावर निळे तंतू सेल्युलोज निघाले, जीन्सच्या कापडासारखे. उरलेले ४ पारदर्शक, पॉलिएस्टर. प्रयोगशाळेत सगळ्यांनी भडक नारिंगी सुती कोट घालावेत, हा उपाय साधा पण उत्तम आहे: नमुन्यात नारिंगी तंतू दिसला की तो कुठून आला हे लगेच कळतं.

वर्णपट काय सांगतो आणि कुठे फसवतो

डोळ्यांनी मोजलेलं ते सगळं प्लास्टिक नसतं. तंतू सगळेच्या सगळे, ‘अ’चे ४५ आणि ‘ब’चे १०२, सूक्ष्मदर्शकी एफटीआयआर या अवरक्त वर्णपट घेणाऱ्या यंत्राखाली घातले. पुढचे ‘प्रति सेमी’चे आकडे म्हणजे प्रकाशाची तरंगसंख्या. पीईटी ओळखायला १,७१३ प्रति सेमीला तीव्र कार्बोनिल शिखर, मग १,२४० आणि ७२० च्या आसपासची शिखरं. सेल्युलोजला ३,३०० भोवती रुंद फुगवटा आणि १,०३० जवळ शिखरांचा जाड पुंजका. ‘अ’मध्ये ४५ पैकी १६ प्लास्टिक निघाले. ‘ब’मध्ये १०२ पैकी ४४: पॉलिएस्टर ३६, नायलॉन ५, ॲक्रिलिक ३.

संगणक वर्णपट ताडून ‘७० टक्के जुळणी’ दाखवतो तेव्हा तिथेच थांबू नये. रंगवलेल्या सुतासाठी बऱ्याच वेळा ‘सेलोफेन’ असं उत्तर येतं. तोही सेल्युलोजच, पण यादीत नाव प्लास्टिकसारखं दिसतं आणि मोजणीत शिरतं. लोकर आणि नायलॉन दोघांनाही अमाइडची शिखरं असतात. नायलॉनची १,६३४ आणि १,५३८ ची शिखरं अरुंद, आणि सोबत २,९३२ व २,८५८ ला ठसठशीत जोडी. हातमोज्यांवरच्या स्टिअरेट या साबणासारख्या पदार्थाचा थर हुबेहूब पॉलिथिलीन वाटतो, कारण दोघांतही कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या आहेत. १,५४० ते १,५८० च्या पट्ट्यात शिखर असेल तर तो साबण आहे, प्लास्टिक नव्हे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फिल्टर वापरत असाल तर १,२५० प्रति सेमीच्या खालचा भाग तो स्वतःच शोषून घेतो, म्हणजे सेल्युलोजची सगळ्यांत मोठी खूण दिसतच नाही. अशा वेळी शंकेचा तंतू उचलून दुसऱ्या पृष्ठभागावर पुन्हा तपासावा.

तुकडे जास्त होते: ‘अ’मध्ये १६५, ‘ब’मध्ये ३०६. त्यांतले प्रत्येकी ५० तपासले. निवड डोळ्यांनी केली तर हात आपोआप लाल-निळ्या तुकड्यांकडे जातो, आणि रंगीत तुकडे बहुधा प्लास्टिकच असतात. म्हणून फिल्टरवर चौकटी आखून, यदृच्छ आकड्यांनी चौकट निवडून त्यातले सगळे घ्यायचे. ‘अ’मध्ये ५० पैकी ४३ प्लास्टिक, ‘ब’मध्ये ४५. पन्नासात ४३ म्हणजे ८६ टक्के, पण ९५ टक्के विश्वासाने खरं प्रमाण ७४ ते ९३ मध्ये कुठेही असू शकतं. अहवालात हा पल्ला लिहायलाच हवा.

नवा हिशेब

घनफळ दुरुस्त केल्यावर तुकड्यांची सरासरी ‘अ’मध्ये १.३०, ‘ब’मध्ये ३.०७ प्रति घनमीटर. प्लास्टिकच्या प्रमाणाने गुणल्यावर १.१२ आणि २.७६. कोऱ्या नमुन्यांतला तीन मिळून एक तुकडा या मोजणीत नगण्य आहे.

तंतूंना जाळ्याचा आकडा लावताच येत नाही. तंतूची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, भोक ३३०. उभा आला की सरळ निघून जातो, आडवा अडकला तरच सापडतो. म्हणून त्याच दिवशी दोन्ही जागी स्टीलच्या बादलीने वीस-वीस लिटर पाणी तीनदा काढून २० मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळलं होतं. निश्चित झालेले प्लास्टिकचे तंतू: ‘अ’ ९, १२, ८, ‘ब’ ३१, २७, ३५. या वाटेचे कोरे नमुने वेगळे: २, ३, १. शोधमर्यादा ५, मापनमर्यादा १२. ‘ब’ची सरासरी ३१, वजा २, भागिले २०: लिटरमागे १.४५, घनमीटरमागे १,४५०. त्याच जागी जाळ्याने दिलेला आकडा ४४ तंतू, १००.३ घनमीटर पाणी: ०.४४. तीन हजारपटींहून जास्त फरक, आणि दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर. भोकाचा आकार न लिहिता दिलेला ‘घनमीटरमागे इतके कण’ हा आकडा वाचकाच्या काहीच उपयोगाचा नसतो. ‘अ’ मापनमर्यादा ओलांडत नाही, म्हणून त्याला एक आकडा न देता ०.१५ ते ०.५ प्रति लिटर असा पल्ला दिला.

आता ते दहा टक्के. ‘ब’चं पाणी म्हणजे नऊ वाटे ‘अ’ आणि एक वाटा विसर्ग असेल, तर विसर्गात लिटरमागे १० ते १३ तंतू हवेत. विसर्गाच्या तोंडाशी पाच लिटर थेट घेतले, ५८ तंतू निघाले. दोन वजा करून लिटरमागे ११.२. जुळलं.

तुकड्यांचं मात्र जुळलं नाही. त्याच रीतीने विसर्गात घनमीटरमागे १७.५ तुकडे हवेत. विसर्गाचं दोन घनमीटर पाणी ०.३ मिमीच्या चाळणीतून सोडलं तर निश्चित झालेले २२ तुकडे मिळाले, म्हणजे ११. एवढ्याने ‘ब’चा आकडा २.११ पर्यंत पोहोचतो, २.७६ पर्यंत नाही. घनमीटरमागे ०.६५ तुकडे कुठून तरी दुसरीकडून येत होते.

पेटी पुन्हा उघडून तुकडे प्रकारानुसार लावले. ‘ब’च्या ३०६ मध्ये ७१ तुकडे थर्माकोलचे होते, पांढरे, हलके, दाबले की चिमट्याखाली चुरगळणारे. घनमीटरमागे ०.७१. ‘अ’मध्ये ते ०.०७ होते आणि विसर्गाच्या २२ तुकड्यांत एकही नव्हता. वाढ जवळपास त्या ०.६५ इतकीच. पण एका दिवसाच्या मोजणीत आकडे जुळणं हा पुरावा नव्हे. विसर्गातले तुकडे दिवसभर सारखे नसतात, आणि २२ ही मोजणी लहान आहे.

म्हणून तिसरी जागा घेतली. ‘क’ विसर्गाच्या खाली, नाल्याच्या वर. तिथे पाणी पुरतं मिसळलेलं नसल्याने रुंदीत पाच ठिकाणी छोट्या खेपा केल्या आणि प्रत्येकीला त्या पट्ट्यातून वाहणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात वजन दिलं. तुकडे आले घनमीटरमागे १.९८. थर्माकोलचे ११८ घनमीटरमध्ये अवघे पाच. नाल्याच्या मुखाशी काठावर चढलेल्या कचऱ्यात थर्माकोलच्या पेट्यांचे तुकडे होते, नदीची पातळी थोडी वर-खाली झाली की त्यांचा चुरा सुटत होता. नाल्यातून पाणी जवळपास येत नव्हतं, म्हणून वाहकतेच्या मोजणीत तो कुठेच दिसला नव्हता.

अहवालात मग दोन वेगळी वाक्यं गेली. तंतूंची वाढ विसर्गाच्या पाण्याने पूर्ण समजते, तिथे केंद्रातल्या शेवटच्या गाळणीकडे पाहायला हवं. तुकड्यांच्या वाढीतला सुमारे ६३ टक्के भाग विसर्गाचा. उरलेला नाल्याच्या मुखाशी साचलेल्या थर्माकोलचा असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो काठ साफ केल्यानंतर ‘ब’ आणि ‘क’ या दोन्ही जागी पुन्हा जाळं टाकावं.